एका दिवसाचा पाहुणा

थंडी सुरू झाली की आमच्या हेमलकशाला गाड्या येऊ लागतात. पुण्याच्या, नागपूरच्या, कधी पार कोल्हापूरकडच्या. 2014 साली प्रकाशभाऊंवर चित्रपट आला, तेव्हापासून तर गर्दी फारच वाढली. माणसं सकाळी उतरतात, दवाखाना पाहतात, शाळा पाहतात, अनाथालयातले बिबटे-अस्वलं पाहतात. मग तीन किलोमीटरवर भामरागडला जाऊन पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम पाहतात. दुपार कलली की 'आलापल्लीच्या पुढं अंधार नको व्हायला' म्हणून निघतात. जाताना डोळ्यांत पाणी असतं काहींच्या. खोटं नसतं ते. पण गाडी सुरू झाली की पाण्याचं काय होतं, ते मला ठाऊक नाही.

मी इथलाच. माडिया. हेमलकशाच्या आश्रमशाळेत मराठी शिकलो, मास्तर झालो, आता ह्या भाषेत लिहितोसुद्धा. लहानपणापासून ह्या गाड्या पाहत आलो आणि लहानपणापासून एक प्रश्न मनात धरून आहे. एका दिवसासाठी येऊन दुसऱ्याचं जगणं बघून जायचा माणसाला हक्क आहे का? आणि असलाच, तर त्या बघण्याचं काही देणं लागतं का?

पुष्कळ वर्षं माझं उत्तर पक्कं होतं. हक्क नाही. त्यामागे एक कारण होतं, ते आधी सांगतो.

माझ्या आजीचा एकही फोटो आमच्या घरी नव्हता. कॅमेरा कुणाकडे होता? ती गेली, तिच्या नावाचा दगड आम्ही आमच्या रीतीप्रमाणे गावाच्या वाटेवर उभा केला, आणि तेवढंच तिचं उरलं. तीन वर्षांनी एका कामासाठी मी बाहेरगावच्या एका कचेरीत बसलो होतो. भिंतीवर कॅलेंडर होतं. मार्च महिना. वर मोठा रंगीत फोटो, अंगणात मोहफुलं पसरणारी म्हातारी. मी पाहतच राहिलो. डाव्या कोपराजवळचा भाजल्याचा डाग, गळ्यातल्या मण्यांच्या माळा, मान थोडी तिरपी करून बघायची सवय. माझी आजी होती ती! खाली छापलेलं होतं, 'आदिवासी वृद्धा, भामरागड'.

मी कारकुनाला म्हटलं, "ही माझी आजी आहे."

तो हसला. "तिकडच्या सगळ्याच आज्या अशाच दिसतात, गुरुजी."

मी पान मागितलं. वर्ष संपल्यावर या, म्हणाला. जानेवारीत गेलो तेव्हा कारकून जागेवर नव्हता, पण शिपायाने पानाची गुंडाळी करून, दोरा बांधून माझ्यासाठी ठेवली होती. मी काही न मागता त्यानं पेटीतून काढून दिली. तिचं नाव मी पाठीमागे पेन्सिलीने लिहिलं. ते इथं लिहीत नाही. आई म्हणाली होती, "फोटो न विचारता गेला. नाव तरी घरात राहू दे."

कुणीतरी एक दिवस आला होता. अंगणात उभा राहिला, कळ दाबली आणि गेला. त्याच्यावर माझा राग होता. आणि आजीचा चेहरा माझ्याजवळ आहे तो त्याच्यामुळेच. ह्या दोन गोष्टी एकत्र कशा ठेवायच्या, ते मला कधी जमलं नाही. म्हणून मी राग तेवढा ठेवला. तो ठेवायला सोपा असतो.

मग एकदा मी स्वतःच एका दिवसाचा पाहुणा झालो.

झालं असं की एका कागदासाठी मला चंद्रपूरला जावं लागलं. हेमलकशाहून तिकडे जायचं म्हणजे बसमध्ये दिवस जातो. पोचलो शुक्रवारी, तर साहेब नव्हते. 'सोमवारी या.' परत येऊन पुन्हा जाणं शक्य नव्हतं, म्हणून बल्लारशाला बहिणीकडे उतरलो. भाचा नोकरीच्या परीक्षा देतो आहे. शनिवारी रात्री जेवताना तो म्हणाला, "मामा, उद्या घरी बसून काय करता? वरंगळ पाहून येऊ ना. पहाटेची गाडी आहे. सकाळी जाऊ, राती वापस."

"एका दिवसात?"

"एका दिवसात सात ठिकाणं होते. मी यादी काढली आहे."

बल्लारशाहून वरंगळ अडीचशे किलोमीटरच्या आतच. दिल्लीहून मद्रासकडे जाणाऱ्या रुळांवर आहे ते, म्हणून गाड्यांना तोटा नाही. आमच्या गडचिरोली जिल्ह्यात रेल्वेचं स्टेशन एकच, पार उत्तरेला वडसा. त्यामुळे आमच्यासारख्याला गाडीत बसणं हीच अर्धी सहल. जनरलची तिकिटं काढली आणि पहाटे गाडीत शिरलो. बसायला जागा नव्हती, दाराजवळ उभे राहिलो.

वर्धा नदी ओलांडली तेव्हा अंधारच होता. विरूर गेलं, आणि थोड्या वेळानं स्टेशनांच्या पाट्यांवरची अक्षरं गोल झाली. कागजनगर. बेल्लमपल्लीचा कोळसा. मंचेरियाल सोडलं की गोदावरीचा लांबच लांब पूल लागतो. उजाडलं होतं. मी भाच्याला म्हटलं, "आपल्या भामरागडचं पाणी ह्याच नदीला मिळतं, खाली सिरोंच्याच्या पुढं, सोमनूरला." त्यानं मान हलवली आणि यादीत डोकं घातलं. मग रामगुंडमच्या चिमण्या, काझीपेठ, आणि साडेनऊच्या सुमारास वरंगळ.

परतीची गाडी संध्याकाळी साडेपाचला. हातात आठ तास. भाच्यानं एक रिक्षा दिवसभरासाठी ठरवली.

पहिल्यांदा हनमकोंड्याचं हजार खांबी मंदिर. 1163 साली काकतीय राजा रुद्रदेवानं बांधलेलं. शिव, विष्णू आणि सूर्य अशा तीन देवांची तीन गर्भगृहं एकाच चौथऱ्यावर. समोर काळ्या दगडाचा नंदी, असा गुळगुळीत की हात फिरवला तर आत्ताच कुणी तेल लावून गेलं असं वाटावं. मला तिथं बसायचं होतं. खांबांवरचं एक-एक नक्षीकाम दोऱ्यासारखं बारीक. पण भाचा घड्याळ दाखवत होता. पंचवीस मिनिटं झाली होती. भद्रकालीचं देऊळ, तळं, मग एका खाणावळीत पानावर भात आणि गोंगुऱ्याची चटणी. जेवताना भाचा म्हणाला, "मामा, रामप्पाचं मंदिर राहिलं. ते साठ-सत्तर किलोमीटर दूर आहे, होत नाही." जागतिक वारसा झालेलं मंदिर, आणि आम्ही ते यादीतून असं खोडलं जसं किराण्याच्या चिठ्ठीतून हळद खोडावी.

दोन वाजून गेल्यावर किल्ल्यात पोचलो.

वरंगळचं जुनं नाव ओरुगल्लु. म्हणजे एक दगड, एकशिला. आमच्या माडियातही दगडाला 'कल' म्हणतात. हा शब्द ऐकला आणि इतक्या दूर आल्यावर मला उगाच घरचं वाटलं. गणपतिदेवानं किल्ल्याचं काम चालू केलं आणि त्याची मुलगी रुद्रमादेवी हिनं ते पुरं केलं. बाप गेल्यावर तिनं राज्य केलं, तेही तेराव्या शतकात. बाहेर मातीचा कोट, आत दगडाचा, दोन्हींना खंदक. मधोमध शंकराचं मोठं मंदिर होतं. 1323 साली दिल्लीच्या फौजेनं शहर जिंकलं, राजा प्रतापरुद्राला पकडून नेलं, तो दिल्लीला पोचण्याआधी वाटेतच मेला. मंदिर पाडलं गेलं. चार दिशांची चार दगडी तोरणं मात्र उभी राहिली. तेलंगण राज्याच्या मुद्रेवर आहे ते ह्यातलंच तोरण. देऊळ नाही, आणि देवळाला चारी बाजूंनी दारं आहेत. जमिनीवर तुटलेले खांब, हत्ती, हंस, नर्तकी ओळीनं मांडून ठेवल्या आहेत.

एक वाटाड्या दुसऱ्या टोळीला हिंदीत सांगत होता, त्याच्या आडोशाने आम्हीही ऐकलं. राजांची नावं, लढायांची सालं. काकतीय घराण्यातलाच अन्नमदेव पुढे बस्तरात गेला आणि तिथल्या राजघराण्याचा मूळपुरुष झाला, असं मानतात. बस्तर म्हणजे आमच्या इंद्रावतीच्या पलीकडलं. म्हणजे हा इतिहास आमच्या नदीपर्यंत आलेला आहे.

पण त्या राजाची दुसरी एक गोष्ट आहे. ती वाटाड्यानं सांगितली नाही, मी सिरोंच्याकडच्या सोयऱ्यांकडून ऐकलेली आहे. मेडारमच्या जंगलात कोया लोकांचा प्रमुख होता, काकतीयांचा मांडलिक. दुष्काळ पडला, लोकांना खायला नव्हतं, आणि प्रतापरुद्रानं खंडणी मागितली. नाही म्हटलं तर फौज आली. प्रमुखाची बायको सम्मक्का आणि मुलगी सारलम्मा लढल्या. मुलगा जंपन्ना ओढ्यात पडला, पाणी लाल झालं, म्हणून तो ओढा जंपन्नाचा. सम्मक्का डोंगराकडे गेली आणि दिसेनाशी झाली. मिळाली ती कुंकवाची डबी. आजही दर दोन वर्षांनी माघात तिथं जत्रा भरते, लाखो लोक येतात, आमच्या अहेरी-सिरोंच्याकडूनही जातात. मूर्ती नाही. बांबू असतो आणि कुंकू. आणि गूळ वाहतात, त्याला सोनं म्हणतात.

त्या तोरणाखाली उभा राहून मला हे आठवलं. खंडणी मागणाऱ्याचं नाव दगडात आहे आणि जिनं ती दिली नाही तिच्या नावाचा एक दगडही इथं नाही. तरी तिला लाखो लोक हाक मारतात. नाव टिकायला दगड लागत नाही, कुणीतरी हाक मारणारं लागतं. असं मोठं काहीतरी माझ्या मनात आलं आणि स्वतःवर मी खूष झालो. आणि लगेच पुढच्या पंधरा मिनिटांत मी काय केलं ते आता सांगतो.

किल्ल्याच्या आत नुसते अवशेष नाहीत, गावही आहे. घरं आहेत, शेतं आहेत, गुरं आहेत. रिक्षा एका भिंतीपाशी उभी होती. भिंतीला टेकून एक म्हातारी सीताफळांची टोपली घेऊन बसली होती. मागे काकतीयांचे भले मोठे चिरे, पुढे हिरवी सीताफळं, तिच्या चेहऱ्यावर तिरपं ऊन. मी मोबाईल काढला, एक घेतला, जवळ जाऊन दुसरा घेतला. तिनं वर पाहिलं. मान थोडी तिरपी करून.

तिनं काहीतरी विचारलं. भामरागडच्या बाजारात तेलुगू बोलणारे व्यापारी येतात, त्यामुळे चार शब्द मला कळतात. "ए ऊरू?" म्हणाली, म्हणजे गाव कोणतं. मी म्हटलं, "भामरागड." तिला ते माहीत नसावं. मग तिनं आणखी काही विचारलं, त्यातला 'पेरु' एवढा शब्द माझ्या कानात शिरला. मला वाटलं, पेरूही आहेत म्हणते, घ्या. रिक्षावाला हॉर्न देत होता. साडेचार झाले होते. मी हात हलवून म्हटलं, "पेरू नको, पेरू नको. टाइम नाही."

ती हसली. तोंडात दात थोडेच होते. आम्ही रिक्षात बसलो.

गाडी मिळाली, ह्या वेळी बसायला जागाही मिळाली. काझीपेठ गेल्यावर भाचा म्हणाला, "सातातली पाच झाली, मामा. खराब नाही." आम्ही फोटो पाहू लागलो. म्हातारीचा फोटो फार छान आला होता. मी तो शाळेच्या मास्तरांच्या गटात टाकायला घेतला आणि खाली लिहिलं, 'वरंगळ किल्ल्यातील वृद्धा'.

भाचा बघत होता. त्याला एकदम हसू आलं. "मामा, तुमी त्या बाईला पेरू नको काहून म्हटलं?"

"पेरू विकत होती ना."

"सीताफळं होती तिच्यापाशी. पेरूला तेलुगूत जाम म्हणते. पेरु म्हणजे नाव. ती तुमचं नाव विचारत होती."

मी पाठवायचं थांबवलं. 'वरंगळ किल्ल्यातील वृद्धा.' 'आदिवासी वृद्धा, भामरागड.' शब्दसुद्धा तोच वापरला होता मी. खिडकीबाहेर गोदावरीचा पूल आला आणि गेला, अंधारात नदी दिसली नाही.

तिनं मला नाव विचारलं होतं. मी तिचा चेहरा घेतला होता, तिचा उजेड घेतला होता, मागचे सातशे वर्षांचे दगड घेतले होते, आणि तिला फक्त मी कोण ते पाहिजे होतं. मी म्हणालो, नको, टाइम नाही.

त्या रात्री बल्लारशाला बहिणीच्या ओसरीवर झोप लागली नाही. माझ्या पक्क्या उत्तराचं काय करायचं, हा विचार चालला होता. हक्क नाही म्हणावं, तर मी तरी कुठल्या तोंडानं गेलो? आणि पस्तावा तरी गेल्याचा होता का? नव्हता. तो नंदी पाहायला मिळाला, ओरुगल्लु हा शब्द कळला, सम्मक्काची गोष्ट पहिल्यांदा नीट कळली, कारण जिच्याशी ती लढली ती राजधानी डोळ्यांनी पाहिली. गरीब माणसाला, नोकरदाराला, दूरच्या माणसाला एकच दिवस मिळतो. महिनाभर राहून समजून घेणं ही चैन आहे, सगळ्यांना परवडणारी नाही. जो महिनाभर राहू शकत नाही त्यानं घरीच बसावं, असं म्हणणं मला अन्यायाचं वाटू लागलं.

आणि मग हेमलकशाचीच गोष्ट आठवली. लोकबिरादरी प्रकल्प 23 डिसेंबर 1973 रोजी सुरू झाला, हे आमच्या शाळेतल्या पोराला पाठ असतं. त्याच्या आधी काय झालं होतं? बाबा आमटे आपल्या मुलांना घेऊन भामरागडकडे सहलीला आले होते. सहलच ती! माणसं गाडीला भिऊन जंगलात पळत, तो काळ. त्या सहलीतून प्रकाशभाऊंचं आयुष्य ठरलं, मंदाताई त्यांच्याबरोबर आल्या, आणि माझ्यासारख्याच्या हातात पाटी आली. तेव्हा आमच्या कुणा आजोबानं म्हटलं असतं की एका दिवसाच्या पाहुण्यांना येऊ देऊ नका, तर? आलेल्यांपैकी कोण परत येणार, हे अंगणात उभं असताना कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं.

पण ह्याचा अर्थ असाही नाही की सहलीला आलेला प्रत्येक जण बाबा आमटे असतो. मी तर नक्कीच नव्हतो. म्हणून मोठ्या माणसांचं उदाहरण देऊन मला सुटता येत नाही.

माझी चूक घाईची आहे असं आधी वाटलं. मग वाटलं, नाही. आठ तास कमी होते हे खरं, पण नाव सांगायला आणि विचारायला किती वेळ लागतो? रिक्षावाल्यानं दुसरा हॉर्न द्यायच्या आत झालं असतं. घाई होती पायांना. मनानं मात्र मी आधीच ठरवून टाकलं होतं की ती पाहण्याची गोष्ट आहे, तोरणासारखी. दगडाला आपण नाव विचारत नाही, पाटी वाचतो. आणि पाटी नसली तर स्वतःच लिहितो. कॅलेंडरवाल्यानं तेच केलं होतं. तो वाईट माणूस असेल असं मला आता वाटत नाही. त्याचीही कुठली तरी गाडी असेल, आलापल्लीच्या पुढं अंधार व्हायच्या आत गाठायची. कदाचित माझ्या आजीनंही त्याला काही विचारलं असेल, माडियात, आणि त्याला भलतंच ऐकू आलं असेल.

तर आता माझं उत्तर असं आहे. पाहायला यायचा हक्क सगळ्यांना आहे, एका दिवसाचाही, एका तासाचाही. पण ज्याला पाहिलं त्यालाही आपल्याला पाहू द्यायचं, हे त्याचं देणं आहे. त्यानं विचारलं तर आपलं गाव सांगायचं, नाव सांगायचं, त्याचं विचारायचं. फोटो हवा तर हो म्हणेपर्यंत थांबायचं, आणि नाही म्हटलं तर मोबाईल खिशात ठेवायचा. आणि घरी गेल्यावर सांगताना 'ते लोक असे असतात' म्हणायचं नाही. म्हणायचं, मी दोन घटका होतो, एवढं दिसलं. ज्याला हे देणं फेडता येत नाही त्याला महिनाभर ठेवला तरी उपयोग नाही. अशीही माणसं आमच्याकडे येऊन गेली आहेत.

सोमवारी कागद मिळाला. मंगळवारी मी हेमलकशाला परतलो. आईला सगळं सांगितलं. पेरूचं ऐकून ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग विचारलं, "कशी होती ती?" मी मोबाईल दाखवला. आईनं बराच वेळ पाहिलं. "मान तुझ्या आजीसारखी करते," म्हणाली.

परवा एक बस आली, कॉलेजची मुलं होती. एक मुलगी आईजवळ येऊन उभी राहिली, हातात मोबाईल. मी दुरून पाहत होतो, जुना राग वर येऊ लागला होता. आईनं तिला आधीच गाठलं. तिला येतं तेवढ्या मराठीत म्हणाली, "तुझं नाव काय?" पोरगी गडबडली, नाव सांगितलं, मग आईचं विचारलं. दोघी बसल्या. फोटो काढायचा राहूनच गेला बहुतेक.

त्या म्हातारीच्या फोटोची मी आलापल्लीहून छापील प्रत काढून आणली आहे. आजीच्या कॅलेंडरच्या पानाशेजारी पेटीत ठेवली आहे. तिच्या पाठीमागे अजून काही लिहिलेलं नाही. भाच्याला फोन करून सांगितलं, पुढच्या खेपेला यादी नको, फक्त किल्ला. तो म्हणाला, "ती भेटन का पण, मामा?"

सांगता येत नाही. पण सीताफळांच्या दिवसांत जाऊ.